ढगळ शर्टातले भाऊजी

माझे धाकटे दीर घरात दारातून क्वचितच आले. ते वरून उतरायचे. लग्न होऊन मी साताऱ्याहून बडोद्याला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गोंधळून उभी होते. कुठल्या डब्यात काय आहे तेही मला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात जिन्यावरून आधी काळ्या तारेचं एक भेंडोळं घरंगळत खाली आलं, त्याच्यामागून धुळीने माखलेले दोन पाय आणि मग आवाज आला, "वहिनी, चहा मळशे?" मला गुजराती येत नव्हतं. मी घाबरून सासूबाईंना हाक मारली. त्या देवघरातूनच म्हणाल्या, "अगं, नंदू आहे तो. चहा मागतोय. दे, नाहीतर पुन्हा वर चढेल."

आमच्या पोळीतली, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीतली, घरं खांद्याला खांदा लावून उभी होती. गच्चीला तिकडे अगाशी म्हणतात. एका अगाशीवरून दुसरीवर, तिथून तिसरीवर असं करत भाऊजी थेट मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊ शकत, आणि जातही. कारण त्यांचा धंदाच तो होता. नुकताच केबल टीव्ही आला होता. भाऊजींनी कॉलेज अर्धवट सोडलं, एका मित्राला भागीदार घेतलं आणि आमच्या अगाशीवर भलीमोठी तबकडी उभी केली. घराण्यात सगळे संस्थानच्या फौजेत नोकरी केलेले, त्यामुळे आमचे हे, म्हणजे त्यांचे मोठे भाऊ, बाजव्याच्या बाजूला एका कारखान्यात नोकरीला जाताना म्हणायचे, "पणजोबांनी भाले धरले, आम्ही पाने धरले, आणि हा तारा धरतो." भाऊजी त्यावर मान हलवून म्हणत, "दादा, भाल्यावर क्रिकेट दिसत नाही ने."

त्यांचा एक शब्द होता, 'फावशे'. जमेल, चालेल, सोयीचं होईल, असा सगळा अर्थ त्यात असायचा. भाजीत मीठ जास्त पडलं, फावशे. पावसात तबकडी वाकडी झाली, फावशे. मला बडोद्यात करमेना, एकदा मी जिन्यात बसून रडत होते, तेव्हा ते दोन पायऱ्या वर बसले आणि म्हणाले, "वहिनी, सहा महिने थांबा. मग साताऱ्याला गेलात की इकडची आठवण येईल. फावशे." मग उठून गेले आणि थोड्या वेळाने सेव-उसळ घेऊन आले. इतकी तिखट की रडण्याचं कारण बदललं. त्यांनीच मला गुजराती शिकवलं, तेही भाजीवालीशी भांडायला लावून. मी चुकले की ते भाजीवालीच्या बाजूने बोलत.

नवरात्रात मात्र भाऊजी केबल विसरायचे. गरब्याचं त्यांना वेड होतं. छातीशी घट्ट बसणारं आणि खाली चुण्यांचा घेर असणारं पांढरं केडियू त्यांनी खास शिवून घेतलं होतं. मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी ते मला आणि सासूबाईंना मैदानावर घेऊन गेले. हजारो माणसांच्या त्या गोल रांगांत त्यांना शोधायला वेळ लागला नाही. इतरांचे हात फिरत होते, भाऊजींचं सगळं अंगच फिरत होतं. मांडीवरच्या माझ्या चिऊला, तेव्हा ती काही महिन्यांचीच होती, सासूबाई बोटाने दाखवत होत्या, "तो बघ काका. भोवरा आहे नुसता." शेजारी बसलेल्या डभोईच्या एका बाईंनी विचारलं, "मुलगा कोणाचा?" सासूबाईंची मान अशी ताठ झाली की मला हसू आलं. त्याच बाईंच्या भाचीचं स्थळ पुढे भाऊजींना आलं.

बदल नेमका कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही. त्यानंतरचा दुसरा उन्हाळा लागला तेव्हा लक्षात आलं की भाऊजी घरात बनियनवर बसत नाहीत. बडोद्याचा उन्हाळा म्हणजे भिंतीसुद्धा गरम लागतात. पोळीतले सगळे पुरुष उघडे किंवा बनियनवर ओट्यावर बसलेले असत, आणि आमचे भाऊजी मात्र मोठ्या भावाचा जुना, दोन मापांनी मोठा शर्ट घालून, वरचं बटणसुद्धा लावून. मी चेष्टा केली, "काय भाऊजी, साहेब झालात?" ते हसले. म्हणाले, "फॅशन आहे वहिनी. टीव्हीवर बघत नाही का तुम्ही?" मला खरं वाटलं. टीव्हीवर तेव्हा रोज काहीतरी नवं दिसत होतं आणि ते आमच्या घरात भाऊजींच्याच तारेतून येत होतं.

मग एके दिवशी चिऊ नेहमीसारखी धावत गेली आणि काकाच्या अंगावर झेपावली. तिचं डोकं त्यांच्या छातीवर आपटलं. भाऊजी असे ओरडले की मी हातातली वाटी खाली ठेवून धावले. त्यांनी चिऊला खाली ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं, पण चेहरा पांढराफटक पडला होता आणि डाव्या छातीवर तळवा घट्ट धरलेला होता.

"भाऊजी, काय झालं? कुठे लागलं?"

"काही नाही. तारेचा खिळा लागला होता. जुनं आहे."

दोन दिवसांनी अगाशीवर कपडे वाळत घालताना दोरीच्या अगदी टोकाला, तबकडीच्या आडोशाला, एक लांब पट्टी वाळत घातलेली दिसली. मुरगळलेल्या पायाला बांधतात तशी, ताणणारी. घरात कोणाचा पाय मुरगळला नव्हता. ती पट्टी ते छातीभोवती आवळून बांधत होते, त्या उकाड्यात, वर तो ढगळ शर्ट घालून.

मी विचारलं. वहिनी झाले तरी मी वयाने त्यांच्या बरोबरीची होते आणि चेष्टामस्करीत आमचं काही लपलेलं नव्हतं, म्हणून सरळच विचारलं. भाऊजींनी खाली बघितलं. "वहिनी, तुम्हाला सांगण्यासारखं नाही ते."

"मग तुमच्या दादाला सांगा."

"दादा हसेल."

आणि खरंच, मी यांना सांगितलं तर हे हसले. वाईट मनाने नाही. ते म्हणाले, "व्यायाम सोडला की चरबी चढते तिथे. मित्रांनी चिडवलं असेल. दंड काढायला सांग." मित्रांनी चिडवलं होतंच. ते मला पुढे कळलं. तारा ओढताना शर्ट भिजला आणि एकाला दिसलं. त्या दिवसापासून त्यांच्या टोळीत भाऊजींना 'आंटी' म्हणू लागले होते. त्यांनी खूप दंड काढले. कोणीतरी सांगितलं म्हणून लेप लावला. ओळखीच्या औषधवाल्याला दुकानाबाहेर उभं राहून विचारलं, तो म्हणाला, जवानीत होतं, आपोआप जाईल. त्याने शर्ट काढायला सांगितलं नाही आणि भाऊजींनी काढला नाही.

डभोईचं स्थळ त्याच सुमारास आलं. मुलगी आम्हा सगळ्यांना आवडली. भाऊजी तिच्याशी पाचदहा मिनिटं बोलले, दोघं हसलीही. घरी आल्यावर म्हणाले, "आत्ता नाही." का नाही, ते सांगेनात. सासूबाईंनी आदळआपट केली, अबोला धरला, कोणा दुसरीचं नाव घेऊन बघितलं. भाऊजी मान खाली घालून ऐकत राहिले आणि मग जिन्याने वर निघून गेले. मला त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा 'नाही फावत' ऐकायला मिळालं. "वहिनी, मला आता कशातच नाही फावत," असं ते जिन्यातून म्हणाले.

चिऊला लस टोचायला मी एका डॉक्टरबाईंकडे नेत असे. बोलायला रोखठोक, पण मायाळू. चिऊ रडून थकल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या.

"वय काय?"

"तेविसावं चालू आहे."

"पंधरा-सोळाच्या मुलांना येते अशी गाठ. स्तनाच्या बोंडामागे, दुखरी. वर्ष-दोन वर्षांत जाते, आयांना उगाच घोर लागतो. पण तेविसाव्या वर्षी नवी आलेली आणि वाढत चाललेली? पुष्कळदा काही नसतं. एखादं औषध, दारू, व्यायामशाळेतल्या गोळ्या, शंभर कारणं असतात. कडक गाठ असेल, कातडी आत ओढली असेल, बोंडातून रक्त येत असेल, काखेत गाठ असेल तर एक दिवससुद्धा थांबू नये. पण यातलं काही नसलं तरी कोणीतरी हात लावून बघायला हवं ना. आणि नुसती छाती बघून भागत नाही. त्याला म्हणावं, सगळं अंग तपासू दे. सगळं. कळलं?"

मला तेव्हा पूर्ण कळलं नव्हतं. मी घरी येऊन भाऊजींना शब्दन्‌शब्द सांगितला. 'सगळं अंग' म्हटल्यावर त्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. "नवरात्र होऊ दे, मग जाऊ," म्हणाले. मी यांच्या मागे लागले, हे भाऊजींच्या मागे लागले, एकदा तर आम्ही त्यांना दवाखान्याच्या फाटकापर्यंत नेलं. बाहेर पोळीतल्या दोन बायका दिसल्या आणि भाऊजी रिक्षातून उतरलेच नाहीत. धडधाकट माणसाला उचलून तर नेता येत नाही.

नवरात्र आली. केडियू कपाटात राहिलं. मित्र बोलवायला आले तर भाऊजींनी खोकल्याचं कारण सांगितलं. खोकला खरा होता, पण तो धुळीचा आहे असं आम्ही समजत होतो. मैदानावरचा ढोल आमच्या अगाशीवर ऐकू यायचा. मी कपडे काढायला वर गेले तर ते कठड्याला टेकून उभे होते आणि त्यांचा एक पाय आपोआप ताल धरत होता. मला बघितल्यावर तो पाय थांबला.

दिवाळीनंतर कंबर इतकी धरली की भाऊजींना शिडी चढवेना. तेव्हा ते आपण होऊन म्हणाले, "चला दादा."

मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या सर्जननी आम्हाला बाहेर बसवलं. बऱ्याच वेळाने त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. भाऊजी पडद्यामागे कपडे घालत होते. डॉक्टर हळू आवाजात बोलले. छातीतली गाठ ही मूळ रोग नव्हे. वृषणात, त्यांनी तोच शब्द वापरला आणि माझ्यासमोर तो उच्चारताना ते अडखळले नाहीत, वृषणात गाठ आहे आणि ती असा काही रस रक्तात सोडते आहे की त्याने छाती वाढली. खालची गाठ वर्षभराहून जुनी असावी. खोकला, कंबर, सगळं त्याचंच. क्ष-किरणाच्या फोटोत फुप्फुसांवर कापसाच्या बोंडांसारखे ठिपके होते.

"हा तरुण मुलांचाच आजार आहे," ते म्हणाले. "आणि लवकर आला तर बहुतेक वेळा आम्ही तो पूर्ण बरा करतो. म्हणूनच वाईट वाटतं."

बाहेर बाकावर यांनी भाऊजींचा दंड धरला. "तुला ठाऊक होतं? खाली गाठ आहे, ठाऊक होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस रे?"

"कोणाला सांगू दादा? आईला? वहिनीला?" भाऊजींचा आवाज चढला नव्हता. "आणि काय म्हणून सांगू? दुखत तर नव्हतं. वरचं दुखत होतं, पण ते सांगितलं तर सगळे हसले."

दंड धरलेला हात यांनी घरी येईपर्यंत सोडला नाही.

शस्त्रक्रिया झाली. मग अमदावादला शिरेतून द्यायच्या औषधाच्या बाटल्या सुरू झाल्या. गाडीने सकाळी जायचं आणि काही दिवस तिथे राहून परत यायचं. हे आणि मी आळीपाळीने जायचो. भाऊजींचे केस गेले, भुवया गेल्या. गाडीत लोक बघायचे. एकदा समोरच्या बाईंनी मला विचारलं, "भाईला काय झालं?" मी काहीतरी सांगणार तोच भाऊजी स्वतःच बोलले. गुजरातीत, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं. काय झालं, कुठे झालं, आधी छातीला कसं कळलं, किती दिवस लपवलं. बाईंनी पदर तोंडाला लावला. कोपऱ्यातली दोन कॉलेजची पोरं खिडकीबाहेर बघू लागली, पण कान इकडेच होते. मी लाजेने अर्धी झाले. भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, आता काय उरलंय लपवायला?"

घरी त्यांनी आपल्या टोळीलाही बोलावलं. त्यांना आंटी म्हणणारी तीच पोरं. खाटेभोवती बसवून ते म्हणाले, "हसायचं ते आत्ता हसून घ्या. मग घरी जाऊन आंघोळीच्या वेळी बघा. काही वेगळं लागलं तर डॉक्टरकडे जा, औषधवाल्याकडे नाही." कोणी हसलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यातला एक जण गुपचूप आला. त्याच्याही छातीत गाठ होती. कोणाला बोलला नव्हता. तो डॉक्टरांकडे गेला, त्यांनी सगळं तपासलं, रक्त तपासलं. काही नव्हतं. व्यायामशाळेत कोणी दिलेल्या गोळ्यांचा परिणाम होता. त्या बंद केल्या की उतरेल म्हणाले. तो मिठाई घेऊन आला तेव्हा भाऊजींना गिळायलाही त्रास होत होता, तरी त्यांनी तुकडा तोंडात ठेवला. "बघा वहिनी, एक सुटला."

मधे एक काळ असा आला की फोटोतले ठिपके पुसट झाले. सासूबाईंनी डभोईला निरोप पाठवायची भाषा सुरू केली. मग खोकला परत आला. अमदावादच्या डॉक्टरांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढची तारीख दिली नाही. आम्ही काय करू शकत होतो? उशी उंच करायची, पाणी चमच्याने द्यायचं, पंख्याचा वेग विचारायचा. भाऊजी एकदा दुपारी माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, त्या डभोईवाल्या मुलीचं जमलं का कुठे?" जमलं होतं, जवळच्याच पादरा गावी. मी सांगितलं. ते म्हणाले, "सारू थयुं." बरं झालं. आणि भिंतीकडे वळले. नंतरच्या आठवड्यात, भर उन्हात, पोळीतल्या सगळ्या घरांत कसलीशी मॅच चालू असताना, ते गेले.

भेटायला येणाऱ्यांना सासूबाई सांगत, "न्यूमोनिया झाला." पोळीत कोणालाही, माहेरच्यांनाही, न्यूमोनियाच. त्या आजाराचं नाव, आणि त्याहून त्या जागेचं नाव, त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. आमचे हे दुरुस्त करायला गेले तर त्यांनी हात जोडले. "माझ्या पोराची अब्रू तरी राहू दे." आईपुढे कोण बोलणार? भाऊजींनी आगगाडीत ओरडून सांगितलेली गोष्ट त्यांच्याच घरात कोणी उच्चारत नव्हतं.

वर्षसव्वा वर्ष गेलं असेल. चार घरं सोडून राहणारी एक शेजारीण दुपारची आली. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. शेजारीण इकडचं तिकडचं बोलली आणि मग माझ्याकडे सरकून कुजबुजली. तिचा मुलगा, एकोणीस वर्षांचा, हल्ली कोणासमोर शर्ट काढत नाही. छातीवर सूज आहे असं तिला वाटतं. विचारलं तर अंगावर येतो. "तुझ्या माहितीत आहे का गं काही? वय आहे ना, जाईल ना आपोआप?"

मी तोंड उघडण्याआधी सासूबाईंचा आवाज आला.

"आज घेऊन जा त्याला."

शेजारीण चपापली. "अहो काकू, तो ऐकत नाही..."

"त्याच्या बापाला सांग. रडला, चिडला तरी ने. आणि डॉक्टरला म्हणावं, सगळं तपासा. खालीसुद्धा." सासूबाईंचे हात तांदळात तसेच थांबले होते. "माझा नंदू न्यूमोनियाने नाही गेला. वृषणाच्या कॅन्सरने गेला. छातीला सूज आली होती, आणि आम्ही हसलो."

भाऊजी गेल्यापासून तो शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला, आणि तोही त्यांच्या तोंडून.

शेजारणीने मुलाला त्याच संध्याकाळी नेलं. सासूबाईंनी मला दोनदा त्यांच्या घरी पाठवलं, आले का बघायला. शेवटी ती स्वतःच धावत आली, दारातूनच हसत. काही नव्हतं. वयाची गाठ, जाईल म्हणाले, पुन्हा एकदा दाखवायला बोलावलंय इतकंच. ती सासूबाईंच्या पाया पडली आणि तशीच पळत परत गेली.

सासूबाई दाराकडे बघत बसल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, अगदी साधेपणाने, एखादा पत्ता विचारावा तसं, "त्याला काही नव्हतं. मग माझ्याच पोराला का गं होतं?"

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. बाहेर दिवे लागले तरी आम्ही दोघी तशाच बसून होतो.